अबार्थ पुंटो : काळ्या मातीतला इटालियन विंचू

फियाटची अबार्थ पुंटो ही भारतात दहा लाखांच्या आसपास मिळालेली सर्वांत ताकदवान छोटी गाडी होती, आणि तरीही ती फारच थोड्यांनी घेतली. मी ती सेकंडहँड घेतली, आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात आणली आणि काही उन्हाळे-पावसाळे वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. गाडी विकत घेणाऱ्याच्या मनात पहिला विचार तिची ताकद आणखी वाढवण्याचा येतो. विदर्भाच्या ग्रामीण भागात वापरायची असेल, तर हा विचार यादीच्या अगदी शेवटी ठेवावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. या गाडीला इथे ताकद कमी पडत नाही. कमी पडते ती जमिनीपासूनची उंची, टायरची जाडी, धुळीपासूनचे संरक्षण आणि उन्हाळ्यात इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था.

आधी गाडीविषयी. ऑक्टोबर २०१५ मध्ये ही गाडी ९.९५ लाख रुपये या दिल्लीतील एक्स-शोरूम किमतीला बाजारात आली. त्याच वर्षी अबार्थची ५९५ कॉम्पेटिझिओने ही चिमुकली गाडी जवळपास तीस लाखांना आणली गेली होती, त्यामुळे विंचवाचे चिन्ह असलेली पुंटो रांजणगावच्या कारखान्यात तयार होऊन त्याच्या एक तृतीयांश किमतीत मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. अबार्थ हे नाव व्हिएन्नात जन्मलेल्या कार्लो अबार्थ यांचे. त्यांनी १९४९ मध्ये इटलीत स्वतःची कंपनी काढली, आपली रास वृश्चिक म्हणून विंचू हे चिन्ह घेतले आणि पुढे १९७१ मध्ये ही कंपनी फियाटने विकत घेतली. साध्या फियाट गाड्यांना शर्यतीचे बळ देणे हाच या घराण्याचा धंदा राहिला आहे, आणि भारतीय पुंटोतही तेच केलेले दिसते : १३६८ सीसीचे टी-जेट टर्बो (म्हणजे हवा दाबून आत भरणारे) पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, पाच गिअरचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स, चारही चाकांना डिस्क ब्रेक, विंचवाच्या नांग्यांसारख्या आराखड्याची १६ इंची अ‍ॅलॉय चाके आणि साध्या पुंटोपेक्षा खाली बसवलेले सस्पेन्शन. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ८.८ सेकंदांत गाठण्याचा कंपनीचा दावा होता.

या आकड्यांचे मोल तुलनेशिवाय कळत नाही. त्या काळी या वर्गातली मानाची गाडी म्हणजे फोक्सवागनची पोलो जीटी टीएसआय, आणि तिची ताकद १०५ अश्वशक्ती होती. मारुतीने २०१७ मध्ये आणलेली बलेनो आरएस १०२ वर थांबली. ज्यांना याहून अधिक हवे होते त्यांच्यासाठी २०१६ मध्ये पोलो जीटीआय आली, पण तिची किंमत पंचवीस लाखांच्या पुढे होती. त्यानंतर आलेल्या ह्युंदाई आय२० एन लाइन आणि टाटा अल्ट्रोझ रेसर या दोन्ही गाड्या १२० अश्वशक्तीच्या आहेत. म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्यातील हॅचबॅकमध्ये पुंटोचा आकडा इतक्या वर्षांनंतरही मागे पडलेला नाही. मग ती खपली का नाही? टचस्क्रीनसारख्या दिखाऊ वस्तूंची वानवा, इंधनाचा खर्च, मागच्या सीटवरची अडचण ही कारणे खरी आहेत, पण माझ्या मते मुख्य कारण फियाटविषयीचा अविश्वास हेच होते. आमच्याकडे जुन्या पिढीच्या तोंडी ‘फियाट’ म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरांची किंवा वकिलांची प्रीमियर पद्मिनी. त्या गाडीला मान होता आणि कोणताही मेकॅनिक ती दुरुस्त करत असे. नंतरच्या फियाट गाड्यांना ना तो मान मिळाला, ना तसा गावोगावचा मेकॅनिक. २०१९ च्या सुमारास फियाटने भारतात गाड्या विकणे थांबवले तेव्हा हा अविश्वास खरा ठरला, आणि म्हणूनच आज ही गाडी तिच्या योग्यतेच्या मानाने स्वस्तात मिळते.

चालवण्याचा अनुभव सांगायचा तर इंजिनच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली ही गाडी अगदी साधी, किंचित सुस्तच वाटते. क्लच जड आहे, डावा पाय टेकवायला धड जागा नाही, आणि बाजाराच्या दिवशी आर्वीच्या गर्दीतून ती काढताना हिच्यासाठी पैसे का मोजले असा प्रश्न पडू शकतो. पण फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या पुढे सरकला की टर्बो जागा होतो आणि गाडी ज्या एकसलग जोराने पुढे झेपावते तो जोर पुढे चार हजारांपर्यंत टिकून राहतो. तळेगावहून अमरावतीच्या हमरस्त्यावर उसाच्या किंवा कापसाच्या लादलेल्या ट्रकला ओलांडताना गिअर बदलण्याची गरजही पडत नाही. याहून मोठा आनंद स्टिअरिंगचा आहे. ते जुन्या पद्धतीचे हायड्रॉलिक आहे, त्यामुळे रस्त्याचा पोत हाताला कळतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणाऱ्या घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ही गाडी ज्या विश्वासाने वळणे घेते तो विश्वास आजच्या विजेवर चालणाऱ्या हलक्या स्टिअरिंगच्या गाड्यांत मला मिळालेला नाही. ब्रेकही तितकेच भरवशाचे आहेत, आणि आमच्या भागात त्याला वेगळे महत्त्व आहे, कारण रात्री तुरीच्या वावरातून रोही (नीलगाय) कधी रस्त्यावर उडी घेईल याचा नेम नसतो. एवढी ताकद देऊन कंपनीने ट्रॅक्शन कंट्रोल (घसरत्या चाकाची ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) मात्र दिले नाही. ही उणीव आहे आणि ती पुढे ताकद वाढवण्याच्या मुद्द्याशी थेट जोडलेली आहे.

आता फेरफारांकडे वळतो. गाडी माझ्याकडे आली तेव्हा आधीच्या मालकाने तिच्यात दोन बदल करून ठेवले होते : मूळ एअर फिल्टरचा डबा काढून उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. शहरात, गुळगुळीत रस्त्यावर या गोष्टी शोभत असतील. आमच्याकडे मार्च ते जून या काळात पांदणीवरून एक ट्रॅक्टर गेला तरी धुळीचा लोट बराच वेळ हवेत तरंगत राहतो, आणि तेल लावलेल्या जाळीचा उघडा फिल्टर ही बारीक धूळ कागदी फिल्टरइतकी नेटाने अडवत नाही. ती धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. शिवाय उघडा फिल्टर बॉनेटखालचीच तापलेली हवा ओढतो. बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत किती तापत असेल याची कल्पना करावी. गरम हवा विरळ असते, तिने इंजिनात ठोके पडण्याचा धोका वाढतो, आणि तो टाळण्यासाठी ईसीयू (इंजिनचा संगणक) आपणहून ठिणगीची वेळ मागे घेऊन ताकद कमी करतो. म्हणजे ताकद वाढवायला लावलेली वस्तू मे महिन्यात नेमके उलटे काम करते. मी जुन्या पुंटोच्या सुट्या भागांतून मूळ डबा मिळवला, त्यात साधा कागदी फिल्टर घातला आणि तो कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलतो. सायलेन्सरही मूळचा बसवला. ही दोन्ही कामे गाडीच्या प्रकृतीला सर्वांत मानवली.

टायरचा विषय मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण इथेच खरा फायदा आहे. गाडीबरोबर १९५/५५ आर१६ मापाचे (१९५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, चाक १६ इंची) टायर येतात आणि जमिनीपासूनची उंची कंपनीने १५५ मिलिमीटर सांगितली आहे. गावात शिरताना लोकांनी स्वतः मुरूम-सिमेंट टाकून केलेले गतिरोधक कोणत्याही मापात बसणारे नसतात. त्यांच्यावर गाडी तिरपी घेतली तरी पोटाला घासल्याचा आवाज येतो, आणि तो आवाज ऐकून पानटपरीवरची सगळी मंडळी वळून पाहते. मी १९५ ऐवजी २०५/५५ आर१६ हे माप बसवले. कागदावर हा बदल क्षुल्लक दिसतो : टायरची बाजू १०७ मिलिमीटरवरून जवळपास ११३ वर जाते आणि गाडी जेमतेम साडेपाच मिलिमीटर उचलली जाते. पण खड्ड्याच्या कडेला अ‍ॅलॉय आपटण्याआधी दबायला रबर अधिक मिळते, आणि हे माप मोठ्या सेदान गाड्यांत प्रचलित असल्याने वर्धा किंवा अमरावतीच्या दुकानात चांगल्या कंपनीचा टायर लगेच मिळतो. चाकाचा घेर पावणेदोन टक्क्यांनी वाढत असल्याने वेगाचा काटा पूर्वीपेक्षा तितका कमी दाखवतो, हे समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मर्यादा पाळताना लक्षात ठेवावे लागते. त्या महामार्गाच्या सिमेंटवर उन्हाळ्यात टायर फार तापतात. विरुळजवळ चढण्याआधी थंड टायरमध्ये हवा तपासून घेण्याची सवय मी सोडत नाही.

पावसाळ्यात टायरशी निगडित आणखी एक गोष्ट घडते. काळी माती ओली असताना चाकाच्या आतल्या बाजूला, रिमच्या पन्हाळीत चिकटून बसते आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडले की विटेसारखी कडक होते. मग ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. टायरवाल्याकडे गेल्यास तो अलाइनमेंट, बॅलन्सिंग, वेळप्रसंगी लोअर आर्मचे बुशसुद्धा बदलायला सांगतो. खरे म्हणजे चाक खोलून आतला चिखलाचा गोळा खुरप्याने काढून टाकला की थरथर नाहीशी होते. रुंद टायर आणि अरुंद आतील कड यांमुळे या गाडीत हा त्रास इतरांपेक्षा अधिक जाणवतो.

उंची वाढवण्यासाठी साध्या पुंटोच्या उंच स्प्रिंगा टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो मानला नाही. या गाडीचे सारे सुख तिच्या बसक्या, ताठ चालीत आहे. ते घालवायचे असेल तर साधी पुंटोच घ्यावी, ती उंचही आहे आणि स्वस्तही. त्याऐवजी मी इंजिनच्या चेंबरखाली (तेल साठणाऱ्या तळाच्या भागाखाली) जाड पत्र्याचा गार्ड बसवून घेतला. तो तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात तयार झाला, त्याला हवा खेळण्यासाठी फटी आणि ऑइल काढण्यासाठी भोक ठेवले आहे. वेल्डिंगवाल्या भाऊंनी काम मन लावून केले, पण गाडीच्या पोटाखालून बाहेर येताच हात पुसत त्यांनी विचारले, “येवढ्या पैशात बोलेरो आली असती नं भाऊ?” या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही आणि ते शोधण्याची मला इच्छाही नाही.

उष्णतेची व्यवस्था हा तिसरा खर्च. कापूस वेचणीच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्याने हिंडणाऱ्या गाडीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या जाळीत कापसाचे पुंजके अडकतात. त्यावर धूळ बसली की नमदा तयार होतो आणि एसी थंड होईनासा होतो. पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने ही जाळी स्वच्छ ठेवणे हे इथे इंजिन ऑइल बदलण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. कूलंट मी दर दोन उन्हाळ्यांनी बदलतो आणि त्यात विहिरीचे क्षारयुक्त पाणी कदापि मिसळत नाही. टी-जेट इंजिनांत थर्मोस्टॅटच्या घरातून कूलंट झिरपण्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि माझ्याही गाडीला ती झाली. शहरातील एका कार्यशाळेने तो भाग येईपर्यंत गाडी ठेवून घेतली, आठवड्यामागून आठवडे ‘उद्या येतो’ असे सांगितले आणि शेवटी हात वर केले. मी गाडी टोचन लावून परत आणली, भाग पुण्याच्या एका सुटे भाग विक्रेत्याकडून मागवला, तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून सकाळी अमरावतीला पोहोचला आणि तालुक्याच्या मेकॅनिकने दुपारपर्यंत बसवून दिला. या गाडीच्या मालकाला अशी आपली पुरवठ्याची वाट स्वतःच तयार करावी लागते. दिलासा एवढाच, की सस्पेन्शनचे बुश, लोअर आर्म, शॉकअपचे माउंट असे बरेच भाग साध्या पुंटोशी आणि इंजिनचे भाग फियाटच्याच लिनिया टी-जेट या सेदानशी जुळतात. अबार्थचा स्वतःचा बंपर किंवा ती विंचवाची अ‍ॅलॉय मात्र फुटली की शोधाशोध ठरलेली.

इंधनाविषयी कुणाचाही गैरसमज राहू नये. कंपनीचा आकडा लिटरला १६.३ किलोमीटरचा आहे. मला हमरस्त्यावर संयमाने चालवून बारा आणि गावोगावच्या फिरण्यात नऊ-दहा मिळतात. टाकी ४५ लिटरची असल्याने लांबच्या प्रवासात पंप डोक्यात ठेवावा लागतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे. ही गाडी तयार झाली तेव्हा इतक्या मिश्रणाचा विचार नव्हता, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या व त्यांचे जोड प्रत्येक सर्व्हिसला हाताने दाबून पाहावेत; कडक झालेली किंवा भेगाळलेली नळी ताबडतोब बदलावी.

या साऱ्यानंतर, सर्वांत शेवटी मी ईसीयू रीमॅप करून घेतला. रीमॅप म्हणजे टर्बोचा दाब, ठिणगीची वेळ आणि इंधनाचे प्रमाण यांचा संगणकीय तक्ता बदलणे. या इंजिनासाठी १७० अश्वशक्तीच्या पुढचे आकडे सांगणारे कारागीर पुण्या-मुंबईत सहज भेटतात. मी मुद्दाम सौम्य तक्ता निवडला. बदल चांगला आहे, दोन हजार फेऱ्यांखालची सुस्ती बरीच कमी झाली आहे आणि चिखलदऱ्याच्या चढावर ते जाणवते. पण पुढची चाके ओढणाऱ्या आणि ट्रॅक्शन कंट्रोल नसलेल्या या गाडीत मातीने माखलेल्या डांबरावर दुसऱ्या गिअरमध्येही चाके जागच्या जागी फिरतात, आणि स्टिअरिंग हाताला एका बाजूला ओढते. याहून अधिक ताकद या रस्त्यांवर उतरवायची तरी कुठे? शिवाय वाढलेल्या टॉर्कचा भार क्लचप्लेटवर आणि गिअरबॉक्सवर येतो, आणि ते भाग मिळणे किती कठीण हे वर सांगितलेच आहे. मे महिन्यात तर मी कारागिराकडून मूळ तक्ताच पुन्हा टाकून घेतो.

कायद्याची बाजू सोडून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही बाब ठामपणे सांगितली आहे. टायरपासून रीमॅपपर्यंत जे काही केले ते विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवता अपघात झाला तर दावा नाकारला जाण्याची पुरेपूर शक्यता असते.

ही गाडी घरातली एकमेव गाडी म्हणून घेऊ नये. ज्याच्याकडे वावरात जायला दुचाकी किंवा जीप आहे, ज्याचा स्वतःचा विश्वासू मेकॅनिक आहे आणि ज्याला गाडी चालवण्यातच सुख वाटते, अशा कास्तकाराने किंवा शिक्षकाने तिचा जरूर विचार करावा. पाहायला जाताना इंजिन पूर्ण थंड असेल अशी वेळ ठरवावी आणि सुरू करताच निळसर धूर येतो का ते पाहावे, कारण तो बहुधा टर्बोच्या सीलकडे बोट दाखवतो. टायमिंग बेल्ट किती किलोमीटरला बदलला यापेक्षा किती वर्षांपूर्वी बदलला हे विचारावे आणि बिल नसेल तर तो बदललाच नाही असे धरून भाव करावा. चेंबरच्या तळाशी वेल्डिंगचे डाग, चारही अ‍ॅलॉयच्या आतल्या कडेला ठोकून सरळ केल्याच्या खुणा आणि कूलंटच्या टाकीभोवतीचे पांढरे क्षार बारकाईने तपासावेत. आणि गाडीत आधीच फेरफार झालेले असतील, तर व्यवहार पक्का करण्यापूर्वी विकणाऱ्याच्या अडगळीत पडलेला मूळ फिल्टरचा डबा आणि मूळ सायलेन्सर आठवणीने मागून घ्यावा. ते नंतर बाजारात शोधायला निघालात तर त्यांच्या किमतीत दोन टायर येतात.